मी तिथे शिकायला होते

"तू बस."

सरांनी माझ्याकडे बोट केलं. वर्ग भरलेला. सगळ्यांनी बोर्डावर कागद लावलेले, पेन्सिलींना टोकं काढलेली. मधल्या लाकडी चौथऱ्यावर मात्र कुणीच नाही. पांझरा नदीच्या काठच्या वस्तीतली एक म्हातारी रोज मॉडेल म्हणून यायची. ती त्या दिवशी आली नव्हती. तिला ताप होता म्हणे.

मला वाटलं, सर जागेवर बस म्हणतायत. मी तर माझ्या जागेवर बसलेलेच होते.

"तिथं नाही. वर चढ."

मी वर चढले. सरांनी मान वाकडी करून मला पाहिलं. लांबून पाहिलं, मग जवळ येऊन पाहिलं. मग शिपायाला हाक मारली. "मागं बांधकाम चाललंय ना, तिथून एक घमेलं आण."

घमेलं आलं. कडेला सिमेंट वाळलेलं.

"पदर खोच. घमेलं डोक्यावर घे. एक हात वर."

माझ्या हातून ते नीट धरलं जाईना. लाजेनं. सगळे बघत होते. सर हसले.

"अगं, तुला हे शिकवायला पाहिजे का? आईला विचार तुझ्या."

मोठ्यानं कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सरळ पेन्सिली चालू झाल्या. कागदावर घासल्याचा आवाज. बस्स.

मी अठरा वर्षांची होते. धुळ्यात, देवपुरातल्या त्या चित्रशाळेत माझं पहिलंच वर्ष. चौथऱ्यावरून मला माझी जागा दिसत होती. माझा बोर्ड. त्यावर मी सकाळी लावलेला कागद. पांढरा. त्याच्या शेजारी सुलभा. वर्गात माझ्याशी बोलणारी ती एकटी. तिचा रंगांचा डबा ती माझ्यासमोर उघडा ठेवायची, न विचारता. त्या दिवशी ती हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माझी मान मोजत होती. मी तिच्याकडे बघून हसले. तिनं मोजणं थांबवलं नाही. तिला मी दिसतच नव्हते. मानेची लांबी दिसत होती.

आमचं गाव नरडाण्याच्या पलीकडे. घर गावाच्या कडेला, आमच्या लोकांची घरं जिथं असतात तिथं. बाप लवकर गेला. माय रोजगार हमीच्या कामावर जायची. रस्त्याची खडी, मुरूम, माती. सुट्टीत मीही जायचे. घमेलं कसं धरतात हे मला ठाऊकच होतं. त्याची मला लाज नव्हती. मायबरोबर खडी वाहिली त्याची आजही नाही.

गावच्या शाळेत चित्रकलेचे एक शिक्षक होते, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांनी मला चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षांना बसवलं. मी दोन्ही पास झाले. ते मायला म्हणाले, पोरीला धुळ्याला पाठवा, चित्रकलेची बाई होईल. मायला चित्रकलेची बाई म्हणजे काय ते कळलं नाही. बाई होईल एवढं कळलं.

प्रवेशाच्या दिवशी माय माझ्याबरोबर आली होती. नवं लुगडं नेसून. सरांनी तिला विचारलं, काय करता. माय म्हणाली, "रोजगार हमीवर जास." सर हो हो म्हणाले. छान म्हणाले. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं, हे मला घमेलं डोक्यावर घेतल्यावर कळलं.

म्हातारी बरी झाली. परत आली. सरांनी तिला दारातूनच परत पाठवलं. वर्गाला म्हणाले, "म्हातारीपेक्षा ही बरी. हालत नाही."

मी हालत नव्हते कारण मी घाबरलेली होते. वसतिगृहात राहायचं तर शाळेचा दाखला लागायचा. त्यावर सरांची सही लागायची. हजेरी त्यांच्या हातात. मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. तेव्हा वाटायचं, परत खडीवर जावं लागेल. मग ज्या दिवशी मनुष्याकृतीचा तास, त्या दिवशी मी वर. कधी घमेलं. कधी विळा. कधी कडेवर कापडाचं गाठोडं, मूल म्हणून. एकदा सरांनी हातात खराटा दिला. तो मात्र मी दोनदा खाली टेकवला. सर म्हणाले, "हालू नको."

मधल्या सुट्टीत मुलं बोर्ड शेजारीशेजारी ठेवून बघायची. कुणाचं नाक चांगलं आलं, कुणाची बोटं फसली. माझंच नाक. माझीच बोटं. मी तिथंच उभी असायचे. कुणी मला विचारलं नाही की तुझं चित्र कुठंय.

वसतिगृहात रात्रीचं जेवण झालं की मी चित्रं काढायचे. आठवून. काय आठवणार? मला चौथऱ्यावरून जे दिसायचं तेच. वर्गातली पोरं. एक डोळा मिटलेली. हात लांब केलेली. जीभ ओठाबाहेर काढून माझा खांदा काढणारा एक. पेन्सिल दातात धरून माझ्या पायांकडे बघणारा एक. सुलभा. सर पाठीमागे हात बांधून फिरताना. मी ते कागद भरत गेले. ह्या कोनातून हा वर्ग दुसऱ्या कुणाला दिसतच नव्हता.

वर्षाअखेर प्रत्येकानं वर्षभराचं काम मांडायचं. मी ती चित्रं मांडली. सर आले. एकेक कागद उलटला. स्वतःच्या चित्रापाशी जरा थांबले.

"हे वर्गातलं काम नाही. मॉडेलवरून काढलेलं दाखव."

"सर, मी तर वर बसले होते."

"ते मला माहितेय. काम कुठंय?"

"सर, मी बसले होते म्हणून—"

"बसण्याला मार्क नसतात."

एवढंच. मी नापास.

सुट्टीत घरी गेले. मायला सांगितलं. माय चुलीपुढं होती. तिनं ऐकून घेतलं. भाकरी तव्यावर टाकली. उलटली. मला ती आंडेर म्हणायची, म्हणजे लेक. मग म्हणाली, "आंडेर, बठ्ठा पोरं चित्रं काढेत ना? मंग तू कसाले बसनी?"

"सर म्हणाले."

"सर म्हननात म्हनीसन?"

तिनं पुढं काही विचारलं नाही. मला रागावली नाही. पण त्या रात्री ती जेवली नाही. माझ्या मायनं आयुष्यभर दुसऱ्याच्या सांगण्यावरून ओझी वाहिली होती. मला तिनं धुळ्याला पाठवलं ते ह्यासाठी नव्हतं.

मी परत गेले. तेच वर्ष पुन्हा. त्या वर्षी आमच्या वर्गाला नव्या बाई आल्या. त्यांनी माझ्यासाठी विशेष काही केलं नाही. मला माझ्या जागेवर बसू दिलं. म्हातारीला परत बोलावलं. मी पास झाले. पुढचंही वर्ष पास झाले. सर तोवर मोठ्या चित्रात गुंतलेले. डोक्यावर घमेलं घेतलेली बाई. मागं उन्हानं तापलेला रस्ता. त्याला मुंबईत राज्याचं बक्षीस मिळालं. ते चित्र शाळेच्या हॉलमध्ये लागलं, दारातून आत आल्यावर समोरच. खाली पितळी पाटी. 'कष्टकरी'. त्याखाली सरांचं नाव. त्याखाली बक्षिसाचं.

शिकत होते तोवर मी रोज त्या चित्राखालून जायचे. नवी पोरं चित्राकडे बघायची, मग माझ्याकडे. मग आपसात काहीतरी बोलायची. मी मान खाली घालून वर्गात शिरायचे.

असोद्याच्या शाळेत नोकरी लागली. चित्रकलेची बाई झाले. माय तोवर होती. तिनं शाळेच्या फाटकाशी उभं राहून मला आत जाताना पाहिलं. पुढच्या वर्षी ती गेली.

जळगावला खोली घेतली. खोली मिळायलाही वेळ लागला. आधी आडनाव विचारायचे, मग खोली नुकतीच गेली म्हणायचे. शेवटी एका विधवा बाईंनी दिली. सकाळी एसटीनं असोद्याला जायचं, संध्याकाळी परत. केळीचे ट्रक रस्त्यात आडवे असले की उशीर व्हायचा. लग्न झालं नाही. का झालं नाही त्याची वेगळी गोष्ट आहे, ती इथं नको. शाळेत पोरं जीव लावायची. शिक्षकांच्या खोलीत मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर डबा खायचे. सुट्टीच्या दिवशी दिवसभर एकही शब्द बोलावा लागायचा नाही. कधीकधी संध्याकाळी आवाज आहे का बघायला मी स्वतःशीच काहीतरी बोलायचे.

धुळ्याहून कधी कुणी आलं नाही. सुलभा पहिली काही वर्षं दिवाळीला पत्र टाकायची. मग तेही थांबलं. मी म्हणायचे, कामात असेल.

अशी बरीच वर्षं गेली. आणि एका रविवारी प्रमोद आला.

प्रमोद आमच्या वर्गातला. आता त्याच चित्रशाळेत शिकवत होता. मोटरसायकलवर आला, खांद्याला टेपरेकॉर्डर. आधी कार्ड टाकलं होतं. शाळेचा महोत्सव आहे. शाळेचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. जुनी माणसं एकेक करून जातायत. म्हणून माजी विद्यार्थ्यांचे, शिक्षकांचे आवाज जपून ठेवायचे. आठवणी टेप करायच्या. तुमच्याकडेही येतो.

ते कार्ड मी किती वेळा वाचलं. तुमच्याकडेही येतो. म्हणजे मला धरलं होतं. मी माजी विद्यार्थी होते. शाळेला मी आठवत होते. खोली झाडून काढली. पडदा धुतला. माझ्या पोरांची चित्रं दोरीला लावली. असोद्याच्या पोरांची, केळीच्या बागा, कपाशी वेचणाऱ्या आया, बैल धुणारे बाप. काय काय सांगायचं ते मनात लावून ठेवलं. रंग पुरत नाहीत तेव्हा हळद आणि विटकर कशी वापरते, ते. एक पोरगी परीक्षेत पहिल्या श्रेणीत आली, ते.

प्रमोदनं चहा घेतला. चित्रांवर नजर टाकली. छान म्हणाला. बटण दाबलं.

"तर मॅडम, सरांच्या त्या गाजलेल्या चित्रासाठी तुम्ही मॉडेल होतात. सरांसमोर बसताना कसं वाटायचं?"

मला वाटलं ही सुरुवात आहे. मी म्हटलं, "प्रमोद, मी तुझ्या वर्गात होते."

"हो हो, ते आहेच. पण आधी चित्राबद्दल."

"आणि माझं शिकवणं?"

"ते नंतर घेऊ."

मी उठले. पेटीतून ते जुने कागद काढले. त्याच्यासमोर एक ठेवला. जीभ ओठाबाहेर काढून बोर्डाकडे वाकलेला पोरगा.

"हा मी?"

"हो."

त्यानं कागद हातात घेतला नाही. बघत राहिला. मग मी बोलले. टेप फिरत होती. सगळं सांगितलं. घमेलं. आईला विचार तुझ्या. खराटा. बसण्याला मार्क नसतात. माझा आवाज मोठा झाला नाही. रडलेही नाही. माय सोडून इतकी वर्षं कुणाला सांगितलंच नव्हतं. मला स्वतःलाच तो आवाज नवा वाटत होता.

खट्. प्रमोदनं बटण वर केलं.

"मॅडम, हे नको."

"का?"

"सर आता थकलेत. आजारी असतात. महोत्सव आहे. आठवणी चांगल्या हव्यात."

"ह्या आठवणीच आहेत."

"पण ह्या शाळेच्या नाहीत ना. ह्या तुमच्या आहेत."

त्याला खरंच तसं वाटत होतं. तो वाईट माणूस नव्हता. चहाचा कप त्यानं स्वतः मोरीत नेऊन ठेवला. जाताना म्हणाला, कार्यक्रमाला नक्की या, सर तुमची फार आठवण काढतात.

मी गेले. जाऊ नये असं शंभरदा वाटलं. पण मला ते आवाज ऐकायचे होते. आपल्या वर्गाबद्दल लोक काय सांगतात, ते.

हॉल सजवलेला. समोर तेच चित्र, त्याला हार. एका टेबलावर टेपरेकॉर्डर, त्याला मोठे स्पीकर जोडलेले. एकामागून एक आवाज येत होते. लोक हातात सरबत घेऊन फिरत होते, ऐकत होते, हसत होते. कुणी सांगत होतं सर छडी न मारता कसे रागवायचे. कुणी पहिल्या सहलीची गोष्ट. चित्रशाळा भाड्याच्या दोन खोल्यांत होती तेव्हाची. ऐकताना बरं वाटत होतं. मीही जरा हसले. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग सुलभाचा आवाज आला. मी ओळखला. तिला वाक्य संपवताना जरा थांबायची सवय होती.

"आमच्या वर्गात एक मुलगी होती. सरांनी तिच्यावरून ते चित्र केलं. फार छान बसायची ती. तासन्‌तास. हालायचीच नाही..."

पुढं ती दुसऱ्या गोष्टीवर गेली. माझं नाव नाही घेतलं. विसरली असेल असं नाही. त्या गोष्टीत नावाची गरजच नव्हती.

त्यानंतर माझा आवाज. "सरांनी मला पहिल्यांदा वर बसवलं तेव्हा मी अठरा वर्षांची होते." आणि संपलं. पुढचा आवाज दुसऱ्याच कुणाचा. एवढ्या बोलण्यातलं हे एक वाक्य त्यांनी ठेवलं होतं. लोकांनी चित्राकडे पाहिलं. एक बाई म्हणाली, "किती गोड."

मग भाषणं. मग प्रमोद माइकवर. "आज आपल्यात सरांच्या चित्रातली ती कष्टकरी स्त्री स्वतः उपस्थित आहे." टाळ्या. मला वर बोलावलं. सर खुर्चीत बसलेले, गुडघ्यावर शाल. बारीक झाले होते. हात कापत होते. फोटोग्राफर सरसावला. आणि कडेनं एक मुलगी आली. हातात घमेलं. नवं कोरं, कडेनं झेंडूची माळ गुंडाळलेली.

प्रमोद माझ्या कानाशी म्हणाला, "फक्त फोटोपुरतं, मॅडम. चित्राशेजारी. तशाच उभ्या राहा."

मुलीनं घमेलं माझ्यापुढं धरलं. चित्रशाळेतली पोर. हसत होती. तिला काय माहीत.

तेव्हा मला माय दिसली नाही की कसला उजेड पडला नाही. लोक म्हणतात तसं काही झालं नाही. मला फक्त एवढं कळलं की मी नाही म्हणू शकते. कुणाची सही लागत नाही आता. इतकं साधं होतं ते.

मी घमेलं घेतलं आणि खाली जमिनीवर ठेवलं. प्रमोदच्या हातातला माइक घेतला. त्याला वाटलं दोन शब्द बोलायचे असतील. त्यानं दिला.

मी माझं नाव सांगितलं. पूर्ण. बापाच्या नावासकट, आडनावासकट. मग म्हटलं, "मी ह्या शाळेत मॉडेल म्हणून आले नव्हते. मी इथं शिकायला होते. चित्र काढायला. मला वर बसवलं, कारण माझी माय खडी वाहायची. माझ्या बोर्डावरचा कागद कोरा राहिला. त्या कोऱ्या कागदाबद्दल मला नापास केलं. हे शाळेच्या इतिहासात लिहा."

सरबताचे पेले हातात तसेच.

सर बोलले. माइक नव्हता, तरी ऐकू आलं. "पोरी, तुझं चित्र मुंबईला गेलं."

"चित्र तुमचं गेलं, सर. मी इथंच होते."

त्यांनी मान हलवली. त्यांना कळलं नाही. त्यांना खरंच वाटत होतं त्यांनी मला काहीतरी दिलं. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली तरी मी एक शब्द परत घेतला नाही. कुणीतरी मागं स्विच बंद केला. माइक मेला. मी खाली उतरले. लोकांनी वाट दिली. जरा जास्तच वाट दिली. अंगाला अंग लागू नये एवढी.

फाटकाशी सुलभा आली. धावतच. केस पांढरे झालेले. मला वाटलं, हात धरेल.

"आज नको होतंस गं असं करायला."

"मग कधी?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते माझ्यासाठी की कार्यक्रम बिघडला म्हणून, कळलं नाही. मी वाट पाहिली. आत कुणीतरी तिला हाक मारली. ती गेली.

धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागायची होती. मी बाकावर बसले. शेजारी एक कुटुंब भेळ खात होतं. त्यांच्यातल्या बाईनं मला विचारलं, "एकट्याच का?" मी हो म्हटलं. रडू तेव्हा आलं.

पुढच्या आठवड्यात बातमी असोद्याला पोचली होती. मुख्याध्यापक म्हणाले, "मोठ्या माणसांशी वैर कशाला, बाई?" शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारची खुर्ची सरकली. मी प्रमोदला पत्र टाकलं. माझी टेप पाठव. उत्तर आलं. त्या कॅसेटवर दुसऱ्यांचं रेकॉर्डिंग केलं, कॅसेट कमी होत्या.

माझ्या आवाजावर दुसऱ्याचा आवाज. हे एक वाक्य मला महिनाभर झोपू देईना.

मग मी टेपरेकॉर्डर घेतला. जुना, पण चालणारा. आधी स्वतःचं सगळं पुन्हा बोलले. खोलीत एकटीच, खिडकी लावून. आणि मग डोक्यात आलं, मी एकटी असेन कशी? आमच्या वर्गात दिलवर होता. शिरपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराकडचा. आदिवासी पोरगा. पहिल्याच वर्षी मधेच निघून गेला. का गेला कुणाला माहीत नव्हतं. त्या हॉलमधल्या इतक्या आवाजांत त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

शोधत शोधत गेले. शिरपूरला ट्रॉल्यांवर नावं रंगवणाऱ्या एकानं पत्ता सांगितला. दिलवर शेतात होता. मला ओळखलं नाही. मग ओळखलं. यंत्र पाहिल्यावर त्याचा चेहरा बंद झाला.

"बंद करा ते."

मी बंद केलं. आम्ही नुसते बसलो. त्याच्या बायकोनं पाणी दिलं, कोरा चहा दिला. मी काही विचारलं नाही. मी माझी गोष्ट सांगितली त्याला. घमेल्याची. तो ऐकत होता. गवताची काडी मोडत होता. ऊन कलल्यावर म्हणाला, "चालू करा."

तो हळूहळू बोलला. त्यानं एक झाड काढलं होतं. मोहाचं. सरांनी ते वर्गासमोर बोर्डाला लावलं. उलटं. वर्ग हसला. तो उठून म्हणाला, सर, उलटं लागलंय. सर म्हणाले, "तुमच्याकडे काय, सरळ काय नि उलटं काय." तास संपेपर्यंत ते झाड तसंच होतं. मुळं वर. संध्याकाळी त्यानं पेटी उचलली आणि गाडी धरली.

"परत कधी चित्र काढलं?"

"नाही."

टेप फिरत होती. त्यानं नाही म्हटल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. ती शांतताही टेपवर आली आहे. मी ती काढली नाही.

निघताना तो माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, "एवढी वर्षं झाली. कुणी विचारायला येईल असं वाटलं नव्हतं."

त्यानंतर मी जातच राहिले. जिला सरांनी दारातूनच परत पाठवलं त्या म्हातारीच्या वस्तीत गेले. ती वारली होती, तिची लेक बोलली. लग्न ठरलं म्हणून वर्गातून काढून नेलेली एक पोर होती, ती साक्रीकडे भेटली. नवऱ्यासमोर बोलेना, विहिरीवर बोलली. काहींनी दार लावून घेतलं. एकानं सांगितलं, मी विसरलोय, मला विसरू द्या. त्याला मी पुन्हा त्रास दिला नाही. चांगलं सांगणारेही भेटले. ज्या बाईंनी मला माझ्या जागेवर बसू दिलं, त्याही बोलल्या. म्हणाल्या, मला सगळं माहीत होतं, पण मी नवी होते. तेही आहे टेपवर.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. तेरावं झाल्यावर प्रमोद पुन्हा माझ्या दारात आला. चहा नको म्हणाला. शाळेत संग्रह करायचा ठरलंय. सरांच्या नावानं. सगळे आवाज तिथं ठेवणार, कपाट घेतलंय. तुम्ही बऱ्याच कॅसेट केल्यात असं कळलं. त्याही घेऊ. आदरानं ठेवू.

"सगळ्या?"

"हो. फक्त सरांचा जिथं उल्लेख आहे तेवढं जरा... आता माणूस राहिला नाही. मेलेल्या माणसाबद्दल..."

"दिलवरच्या कॅसेटमधून सर काढले तर काय उरेल?"

"त्यांच्या गावाबद्दल असेल ना. झाडाबद्दल."

मला हसू आलं. किती वर्षांनी मोठ्यानं हसले.

"प्रमोद, एक अक्षर काढणार नाही."

"मग संग्रहात नाही घेता येणार."

"नको घेऊ."

"हट्ट कशाला, मॅडम? तुमच्या खोलीत पडून राहतील. कोण ऐकणार? तुम्ही एकट्या."

"एकटी आहे," मी म्हटलं. "ते तू सांगायला नको."

तो गेला. मोटरसायकलचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. मग तोही नाही.

मी एकटी आहे. उद्याही असेन. सणाला माझ्या दारात कुणी येत नाही, धुळ्याला मला कुणी बोलावत नाही, आणि ह्यानंतर तर नाहीच. मला ते कबूल आहे. पण ती शाळा सरांच्या नावाची नाही. ती आमचीही आहे. जे तिथून रडत निघाले त्यांचीही ती शाळाच होती. तिचा इतिहास सांगायचा तर आमच्यासकट सांगायचा. नाहीतर तो इतिहास नाही म्हणून मी प्रत्येक ठिकाणी उठून सांगेन. माइक बंद केला तर ओरडून सांगेन. हॉलमध्ये येऊ दिलं नाही तर फाटकाशी उभी राहीन. माफी मागा म्हणतील, मागणार नाही. समजून घ्या म्हणतील, खूप वर्षं समजून घेतलं.

ज्याला ऐकायचंय त्यानं यावं, सगळं ऐकावं. कापून कुणालाही मिळणार नाही.